मधली पट्टी

नांगर उताराला आडवा धरा, हे रत्ना पिंपळनेरच्या आसपासच्या पाच गावांत सांगत फिरायची. एका लहानशा संस्थेचं काम. अनुदान नाही, सक्ती नाही. पटलं तर आपल्या हातांनी बांध घाला, नाही पटलं तर चहा पाजून वाटेला लावा. लोक चहा पाजायचे आणि पुष्कळदा बांधही घालायचे. तिच्या बोलण्यात काही साखर नव्हती. पण लाकडी चौकट खांद्यावर घेऊन ती स्वतः वावरात उतरायची, ओळंबा मधल्या खुणेवर आला की तिथे चुन्याची फक्की टाकायची, आणि अशा सारख्या पातळीच्या खुणा जोडत रेघ ओढून द्यायची.

तिच्या सासरचा नांगर मात्र उभाच चालायचा, टेकडीवरून थेट नाल्याकडे. सासऱ्यांनी तिघा भावांना वाटणी करून दिली तेव्हा कुणावर अन्याय नको म्हणून उभ्या पट्ट्या पाडल्या. प्रत्येकाला वरचा मुरूमही आला, खालची काळी मातीही आली. न्याय झाला, पण आडवं चालायला बैलांना जागा उरली नाही. एका बाजूला रत्नाचा नवरा प्रेमराज, दुसऱ्या बाजूला धाकटा दीर अभिमन, आणि मधली पट्टी जेठ, म्हणजे थोरले दीर, जीवराम यांची. माती धरायची तर निदान बांध तरी तिन्ही पट्ट्यांतून सलग जायला हवा होता.

आणि जेठांशी ती बावीस वर्षांत एकदाही समोरून बोललेली नव्हती. त्या घरची रीतच तशी. डोक्यावर पदर, आणि काही सांगायचं असलं तर त्यांच्या बायकोच्या, जेठाणी तानुबाईंच्या तोंडून. जीवरामही तिच्यासाठीचं बोलणं तानुबाईंकडे बघून बोलत.

उन्हाळ्यात तिने तानुबाईंकरवी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा निरोप आला, बघू. पाऊस तोंडावर आला तसे तिने दोन्ही बाजूंचे बांध घालून घेतले. इथे ती चुकली. बांधाचं टोक चढाकडे वळवून बंद करायचं, हे ती दुसऱ्यांना बजावून सांगते. घरी मात्र, जीवरामभाऊ आज ना उद्या हो म्हणतीलच, मग जोडायला बरं पडेल, म्हणून तिने मधल्या पट्टीकडची दोन्ही टोकं उघडी ठेवली.

आषाढात दोन तास पाऊस कोसळला. दोन्ही बांधांनी पाणी अडवलं आणि उघड्या टोकांनी ते सगळं जीवराम यांच्या पट्टीत सोडलं. मका आडवा झाला, कमरेएवढी घळ पडली, काळी माती नाल्याला गेली.

पारावर गावातला नथ्थू म्हणाला म्हणे, "ताई परगावनी माती वाचाडस, अन् घरनी नालामा धाडस." रत्नाला ते कळलं. खोटं काय होतं त्यात?

जीवराम ओरडले नाहीत. तिसऱ्या दिवशी प्रेमराजच्या ओट्यावर येऊन बसले आणि सोबत आलेल्या तानुबाईंना म्हणाले, "तिले सांग, मना वावरमा बांध घाल. पन सूत धरीसन, सरळ. वाकडा नको. पेरनीनी ओळ मोडस."

रत्ना दाराआडून ऐकत होती. बावीस वर्षांत त्यांनी आपणहून दिलेलं हे पहिलं काही, आणि तेच घेता येत नव्हतं. पट्टीच्या मधोमध जमीन वीतभर खोल होती. सुतात बांध घातला तर पाणी तिथेच गोळा होणार, तिथूनच फुटणार. आज कमरेची घळ आहे ती पुरुषभर होणार. हे सगळं तिने हळू आवाजात तानुबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पदर सावरला आणि बाहेर तोंड करून म्हणाल्या, "तुम्ही म्हनशात तसं करसूत, अशी म्हनस ती."

तेव्हा रत्नाला कळलं की आपला प्रत्येक 'नाही' या उंबऱ्यावर 'हो' होत आलाय. तानुबाईंनी घर एकत्र ठेवलं ते असंच. उन्हाळ्यातले तीन निरोप तरी पोहोचले होते की नाही, देव जाणे.

ती उंबऱ्याबाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "नही, भाऊ. सुतवर पानी थांबनार नही. बांध फुटी जाई."

तानुबाईंचा हात तोंडावर गेला. जीवरामांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि तानुबाईंनाच सांगितलं, "तिले सांग, मंग राहू दे."

दुसऱ्या दिवशी रत्नाने आणि प्रेमराजने आपल्या बांधाचं टोक वळवून बंद केलं. त्यापायी उभ्या मक्याच्या चार ओळी मातीखाली गेल्या. अभिमननेही आपलं टोक बंद केलं, पण वहिनीशी चकार शब्द बोलला नाही. घळ तशीच राहिली. वरून येणारं मधल्या पट्टीचं पाणी तिला वाढायला पुरे होतं. दगड रचून ती थोपवता आली असती, रत्नाच्या हाताखालून अशा कितीतरी गेल्या होत्या. पण त्या पट्टीत पाय ठेवायचा तर विचारायचं कुणाकरवी? तानुबाई निरोप घेईनात, आणि समोरून बोलणं तिने एकदा वापरून टाकलं होतं. काम सोडावं असंही मनात येई. पण परगावची माणसं फोन करत, ताई, टोकं बघून जा. ती जायची. टोक बंद करा म्हणताना आता तिचा आवाज जरा खाली यायचा.

श्रावणात घरी कानबाई देवी बसली. वावर वाटलं तरी रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचा, गहू वाटत नाहीत. जीवरामांनी थोरलेपणाने घरटी माणसं मोजून गहू मापला, प्रेमराजच्या घरचाही मापला, आणि एकाच टोपलीत ओतला. रत्ना तो निवडायला बसली. समोर तानुबाई होत्या. दोघींची बोटं एकाच सुपात फिरत होती आणि दोघीही खाली बघत होत्या.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. मका कणसाला आलेला, पाऊस हवा होता. घळ रोज नाल्याकडून वर सरकत होती, पाऊस नको होता. कानबाईपुढे हात जोडले तेव्हा काय मागावं हेच तिला सुचेना. मग तिने काही मागितलं नाही. फक्त सांगितलं, "पट्टीना मधोमध जमीन वीतभर खोल शे, माय."

आणि ती परत सुपाकडे वळली.