उभ्या पट्ट्यांचा खांब

खापर गावातल्या आमच्या कापडदुकानाच्या ओट्यावर लाल दगडाचा खांब होता. भटूबाबा गवंडी दर बाजाराच्या दिवशी त्याला भेटायला यायचे. बोटाच्या पेरानं ठोकायचे, कान लावायचे आणि खांबानं आपल्याला नापास केलंय असं तोंड करायचे. डावी भुवई खाली, ओठ आत, नाकातून लांब ‘हंऽऽ’. हे तोंड मी अख्ख्या गल्लीला करून दाखवलंय. भटूबाबांच्या नातवालासुद्धा.

माझी आजी तीजाबाई त्याच खांबाला पाठ लावून बसायची.

“भटू, खांब थारो जवाई आहे का रे? सारखा हालहवाल विचारतो!”

“काई नई, माय. तुम्ही जरा तिकडे बसा. आठे ऊन लागस.”

“पौषात ऊन लागतं म्हणे. बावळा!”

आजी हलायची नाही. भटूबाबा चहा अर्धा टाकून निघून जायचे.

खांब त्यांनीच उभा केला होता. दगड राजस्थानातला, थरावर थर असलेला. असल्या दगडाचे तुकडे थर आडवे ठेवून एकावर एक रचायचे, हे त्यांना बापानं शिकवलेलं. पण लांब चिरा भिंतीला टेकवलेला आजीनं पाहिला. थरांचे फिके पट्टे उभे धावत होते. “अगदी म्हाऱ्या लग्नातल्या साडीचा लहरिया!” आजी म्हणाली. एवढं कौतुक ऐकल्यावर भटूबाबांनी चिरा कापलाच नाही. अख्खा उभा केला.

गेल्या वर्षी वर मजला चढला आणि खांबावर केसाएवढी उभी रेघ उमटली. तेव्हापासून ते ठोकणं.

खांब आधी ‘टण्ण’ बोलायचा. एका बाजाराच्या मंगळवारी ‘थप्प’ बोलला, फुटक्या माठासारखा. आजी पूजा आटोपून बाहेर आली, तर तिच्या जागेवर भटूबाबा बसलेले.

“ऊठ. म्हारी जागा आहे.”

“नई उठत.”

“का रे?”

त्यांनी मला घडीच्या साड्यांचा गठ्ठा आणायला लावला. आडवा ठेवून वरून दाबला, काही झालं नाही. मग घड्या उभ्या करून दाबला. दोन्ही बाजूंनी पोट फुगलं, घड्या सुटल्या, साड्या ओटाभर.

“हाऊ खांब आसाच फुटी ऱ्हायना, माय. माले ठाऊक व्हतं. तुम्ही कौतुक कयं, म्हनीसन मी उभाच ठेवा.”

ते आजीकडे बघत नव्हते. आजी ओट्याखाली उतरली.

पप्पांनी लोखंडी टेकू लावून घेतले. खांब निघाला. भटूबाबांनी भेगेत छिन्नी धरून एकच हातोडी मारली, तर अख्खा पापुद्रा वहीच्या पानासारखा सुटून पडला. त्यावर आजीच्या केसांच्या तेलाचा काळा डाग होता. तो पापुद्रा त्यांनी कुणाला उचलू दिला नाही. सायकलला बांधून घरी नेला.

आता नवा खांब आहे, तुकड्यांचा, पट्टे आडवे. आजी पुन्हा पाठ टेकून बसते. भटूबाबा येतात, पण चहाला नको म्हणतात आणि हात मागे बांधून लांब उभे राहतात.

“ठोक की रे,” आजी म्हणते. “बोलू दे त्याला.”

“ठोकस, माय,” ते म्हणतात. “पहिले तुम्ही उठा.”