डबी माझ्या खिशात होती

भूतखेत, देवऋषी, अंगात येणं — यातलं मी कधीच काही मानलं नाही, आणि आज मानायला लागलोय असंही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. मी फिटर माणूस. सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात गेली. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, चालू झालं तरी कारण असतं. कारण सापडत नाही म्हणणारा कामचुकार, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना सुनावत आलो. आणि एका मनगटी घड्याळापुढं माझीच बोलती बंद झाली... हसायचं असेल तर खुशाल हसा.

साल १९७२. आमचं गाव कुंडलपासून सायकलच्या टप्प्यात. शेजारच्या घरात आमचे चुलते, तात्या. त्यांचा थोरला मुलगा सदादादा पलटणीत होता. आदल्या वर्षीच्या लढाईला जाताना त्यानं आपलं घड्याळ काढून बायकोच्या, म्हणजे इंदूवहिनीच्या हातात दिलं होतं — "रोज चावी देत जा, मी आल्यावर परत घेईन." लढाई संपली. दादा आला नाही. मेला म्हणून कळवलं नाही, जिवंत आहे म्हणूनही नाही. बेपत्ता, एवढंच.

वहिनी रोज पहाटे म्हशीची धार काढायच्या आधी त्या घड्याळाला चावी द्यायची.

मग भाद्रपद आला. पितरांच्या पंधरवड्यात आमच्याकडं म्हाळ घालतात, गेलेल्या माणसांच्या नावानं पान वाढतात. ज्याच्या जाण्याची तिथी माहीत नाही, त्याचं पान सर्वपित्री अमावास्येला. तात्यांच्या मनानं घेतलं की पोरगं उपाशी भटकत असेल, औंदा त्याचं पान वाढायचं. तात्या दुष्ट नव्हते हो. रात्ररात्र झोपत नव्हते. पण पान वाढलं म्हणजे दादा मेला, आणि वहिनीचं कुंकू पुसलं, इतकं सरळ होतं ते.

वहिनी सासऱ्यापुढं कधी मान वर करायची नाही. त्या दिवशी मात्र म्हणाली, "मामंजी, घड्याळ चालू हाय तवर पान वाढू नगा." तात्यांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं. चालू हाय तवर न्हाई."

आणि अमावास्या तोंडावर आली असताना घड्याळ बंद पडलं.

आता माझं सांगतो. तेव्हा मी पंचविशीच्या आत, आणि अंगात मस्ती. नुकतंच एक भिंग, बारीक चिमटा आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच आणून मी घरचं गजराचं घड्याळ खोलून परत जोडलं होतं, आणि ते चाललंही होतं. झालं, मी स्वतःला घड्याळजी समजायला लागलो. वहिनी घड्याळ पदरात गुंडाळून आली.

"भावजी, हे हुईल न्हवं?"

"न हुयाला काय झालं? आख्खा कारखाना चालवतो आम्ही," मी म्हणालो.

दुपारी सोप्यावर पितळी ताटात पांढरं फडकं अंथरलं आणि मी ते खोललं. वहिनी समोर जोंधळे निवडत बसली, पण नजर माझ्या हातावर. दोष लगेच सापडला. घड्याळात एक चपटी डबी असते, तिच्यात स्प्रिंग गुंडाळलेली असते. चावी दिली की ती आवळते, आणि तिच्याच जोरावर सगळी चाकं फिरतात. ती स्प्रिंग मधोमध तुटली होती. चिमट्यानं उचलून वहिनीला दाखवली.

"ह्याच्याबिगर?"

"ह्याच्याबिगर काय न्हाई, वहिनी. इंजिनच हाय हे. उद्या सांगलीला जातो, नवी आणतो."

दुकानदाराला माप दाखवायला मी ती डबीच काढून खिशात ठेवली. पण कारखान्याची एक सवय अंगात भिनलेली — मशीन उघडं टाकून घरी जायचं नाही. म्हणून डबीची जागा रिकामी ठेवून बाकी सगळं जोडलं, झाकण लावलं आणि घड्याळ वहिनीकडं दिलं. असा फिटर दुसरा कोण असेल? इंजिन काढून गाडीला बॉनेट लावणारा...

सांगलीत या मापाची स्प्रिंग मिळाली नाही. एक घड्याळजी म्हणाला, पुण्याहून मागवतो, आठवड्यानं या. अमावास्या तर दुसऱ्या दिवशी. परत येताना एसटीत खिशातली डबी चाचपत बसलो. वहिनीला काय सांगायचं, हेच डोक्यात. शेवटी सांगितलं. ती रडली नाही. नुसती मान हलवून आत गेली. फार वाईट वाटलं मला.

अमावास्येला भर दुपारी तात्यांच्या घरी पानं मांडली होती. भावकीतली माणसं जमलेली. सगळ्यात शेवटचं पान रिकामं. तात्यांनी भाताचं भांडं हातात घेतलं, तोच वहिनी आतून आली. घड्याळ तिच्या मनगटावर होतं.

"मामंजी, थांबा. चालू हाय."

तात्यांनी भांडं खाली ठेवलं, तिनं सोडून दिलेलं घड्याळ कानाला लावलं आणि डोळे मिटले. किती वेळ ऐकत होते कुणास ठाऊक. मग माझ्याकडं दिलं. "दिनू, तू बघ रं. माझं कान म्हातारं झाल्यात."

मी कानाला लावलं. टिकटिक... स्वच्छ, एकसारखी. सेकंद काटा फिरत होता. मी दुसरा हात खिशात घातला. डबी तिथंच होती.

"बसवलीस व्हय स्प्रिंग?" तात्यांनी विचारलं. सगळी भावकी माझ्या तोंडाकडं बघत होती.

"चालू हाय की, तात्या," मी म्हणालो. त्यापलीकडं मला काय ठाऊक होतं?

तात्यांनी ते पान उचललं, आणि मग ओसरीच्या खांबाला धरून ते लहान पोरासारखं रडले.

संध्याकाळी उजेड असतानाच मी वहिनीकडं गेलो, म्हटलं झाकण उघडून बघू दे. तिनं बघू दिलं, पण घड्याळ हातातून सोडलं नाही. डबीच्या जागी भोक. चावी फिरवली तर नुसतीच सैल फिरते. आणि आत चाकं चालली होती.

"वहिनी, ह्यात इंजिन न्हाई..."

"ठावं हाय की. तुमी काढलं तवा म्या समोरच हुते." तिनं झाकण दाबून लावलं. "आता नगा उघडू, भावजी."

पुण्याची स्प्रिंग आली, ती मी डबीत बसवून ठेवली. वहिनीनं घड्याळ काही दिलं नाही. रोज पहाटे त्या सैल चावीला पीळ देत राहिली, आणि घड्याळ चालत राहिलं.

मार्गशीर्षात सदादादा आला. जखमी होऊन पलीकडं कैदेत पडला होता, त्याचं नाव कुणी कळवलंच नव्हतं. एका पायानं लंगडत, निम्मा होऊन आला. गाव लोटलं. माणसं पांगल्यावर वहिनीनं मनगटावरचं घड्याळ सोडून त्याच्या हातात दिलं. त्यानं सवयीनं कानाला लावलं.

"बंद हाय की गं हे."

वहिनी हसली. वर्षभरात पहिल्यांदा बघितलं मी तिला हसताना. "आसूं द्या. आता भावजी करत्याल दुरुस्त."

मी डबी बसवली, चावी दिली, घड्याळ चाललं. पुढं दादाकडून घड्याळ मागून घेऊन मी ती डबी परत काढली, रिकामं घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधून रानात हिंडलो, हलवलं, उन्हात ठेवलं. काटा तसूभर हलला नाही. तेव्हा हाताची ऊब, धक्का, हवामान असलं काही मला कुणी सुचवू नये, सगळं करून झालंय. बरेच घड्याळजी गाठले. निम्म्यांनी मला वेड्यात काढलं, त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढलं असतं. कारण असणारच, यावर मी आजही ठाम आहे. मला ते सापडलेलं नाही, एवढंच.

माझी दुरुस्ती मात्र नवशिक्याचीच निघाली. ते घड्याळ कायम मागं पडायचं, आणि दादा सगळीकडं उशिरा पोचायचा. एकदा मी वहिनीला म्हटलं, द्या इकडं, नीट करून देतो.

"ऱ्हाऊं द्या, भावजी," ती म्हणाली. "उशिरा का हुईना, येत्यात न्हवं?"