अत्तरवाल्याच्या पांढऱ्या गोळ्या

निजामाच्या राज्यात मी हैदराबादच्या कॉलेजात उर्दूतून रसायनशास्त्र शिकत होते. सुट्टीत उमापूरला आले, तर बाजारच्या दिवशी चौकात हा गलका! पाटलांनी अत्तरवाल्या चाचांचं दुकान अडवलं होतं.

चाचांनी त्यांना डांबरगोळ्या म्हणून नव्या मालाच्या गोळ्या दिल्या होत्या. शालींच्या पेटीत त्या भराभर उडून गेल्या आणि शालींना कसर लागली.

"नकली माल हाय! असला लबाड गावात न्हाई पायजे," पाटील गरजले. त्यांचे गडी अत्तराच्या कुप्या रस्त्यावर फेकू लागले. चाचा उरलेल्या कुप्या आत ओढत होते. कुणी पुढं होईना.

मी एक गोळी उचलून हुंगली. वास डांबरगोळीचा नव्हताच.

"माल नकली न्हाई, निराळा हाय," मी म्हणाले.

चुलत्यांनी दंड धरला. "घरात चल आधी!"

"न्हाई येत."

दंड सोडवून घेतला. वडिलांचा दवाखाना समोरच होता. तिथला स्पिरिटचा दिवा, तांब्याची तार आणि कपाटातली जुनी डांबरगोळी आणून दुकानाच्या ओट्यावर मांडली. तापलेली तार आधी जुन्या गोळीला लावून ज्योतीत धरली. पिवळी ज्योत, काळा धूर. मग तार तापवून साफ केली आणि नव्या गोळीला लावली. ज्योत हिरवीगार झाली. गडी कुप्या फेकायचे थांबले.

"हिरवा रंग क्लोरीनचा," मी सांगितलं. "जुन्या गोळीत नुसता कार्बन अन् हायड्रोजन. नवीचं मूळ बेंझिन. तेही तसलंच, पण पातळ, भडकणारं. त्यातले दोन हायड्रोजन काढून तिथं क्लोरीन बसवला की ही घट्ट पांढरी गोळी होते. कसर हिनंबी मरते, पण ही लवकर उडते. पेटी घट्ट मिटावी लागते."

"आमाला शिकवतीस?" पाटील वडिलांकडं वळले. "डॉक्टर, पोरीला लई सूट दिलीत तुमी."

"खोटं काय बोलली ती?" वडिलांनी विचारलं.

पाटील निघून गेले. माफी काही मागितली नाही. चाचांचं दुकान मात्र पुन्हा कुणी अडवलं नाही. फुटलेल्या कुप्यांचा वास चौकात कितीतरी दिवस होता.

"आता हिला कोण करून घेणार?" काकू रडल्या. मी पेटी भरायला घेतली. कॉलेज उघडणार होतं.