पूज्य नंबरचा डबा

फिल्लममामांनी आयुष्यात एकदाच ‘मले माहीत नाही’ म्हटलं, आणि तेव्हा मी तिथे होतो. एरवी त्यांना सगळं माहीत असे. लांजीची शेवटची मोटार किती वाजता सुटते इथपासून समुद्राच्या तळाशी काय असतं इथपर्यंत काहीही विचारा, मामा तोंडातली बिडी न काढता उत्तर देत. उत्तर बहुधा चुकीचं असे. पण ते इतक्या आपुलकीने दिलेलं असे की बरोबर उत्तर देणारा माणूस उगाच कोरडा वाटे. मी शाळामास्तर, ही उपेक्षा मी बरीच वर्षं सोसली.

मामा सरकारच्या प्रचार खात्यात सिनेमाचे ऑपरेटर होते. जीपमध्ये मशीन, पडदा आणि भोंगा टाकून ते बैहरच्या जंगलापासून कटंगीच्या बाजारापर्यंत हिंडत आणि लोकांना खताचे, हिवतापाचे, लहान कुटुंबाचे सिनेमे दाखवत. सिनेमे पुष्कळदा इंग्रजीत असत. ते शेतकऱ्याला समजू नयेत अशी वर कुणाची तरी इच्छा असावी. मामा सिनेमाचा आवाज बंद करत, माइक हातात घेत आणि गोष्ट स्वतःच सांगत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. “भाषा समजली का माणूस ऐकत बसते,” ते म्हणत, “पाह्यत नाही.”

त्यांची रीत एकच होती: पडद्यावर जो येईल त्याला नातं लावून द्यायचं. एकदा बैहरकडच्या एका गावात परदेशातल्या गोठ्याचा सिनेमा लागला होता. एक गोरी बाई यंत्राने दूध काढत होती. पुढे बसलेल्या म्हातारीने विचारलं, “इचा घरवाला कुठी हाय?”

“बाजारात गेला. सासरा बिमार हाय, म्हणून एकटीच काढून राह्यली,” मामांनी माइकवरून सांगितलं.

त्यानंतर सारं गाव त्या बाईकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलं. यंत्राची चौकशी कुणीच केली नाही. सासऱ्याची तब्येत मात्र तिघांनी विचारली. खात्याच्या साहेबांनी लेखी खुलासा मागवला, तेव्हा मामा तो माझ्याकडून लिहून घ्यायला आले. “लिही मास्तर, नातं सांगतलं का माणूस पाह्यते.” मी ते शुद्ध भाषेत लिहिलं आणि साहजिकच साहेबांना ते पटलं नाही.

मामांचा एकुलता मुलगा वसंता वायुदलात मेकॅनिक होता. आमच्या वॉर्डात मात्र तो विमान चालवतो असंच सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मामांनी तसं सांगितलं होतं. एकाहत्तरच्या लढाईत, डिसेंबरात, तार आली. ती इंग्रजीत होती म्हणून मामा शाळेत आले. मी वाचली. सामान घेऊन गेलेलं एक विमान परतलं नव्हतं, त्यात वसंता होता, आणि पुढे एक शब्द होता: मिसिंग.

“मिसिंग म्हणजे गेला का?”

“नाही. म्हणजे सापडत नाही.”

मामांनी तार चौघडी करून खिशात ठेवली. घरी जाऊन त्यांनी मामींना सांगितलं, “वसंताची बदली झाली. लय दूर. पत्रं उशिरा येतीन.”

मामींना वाचता येत नव्हतं. मग मामांनी वसंताची पत्रं वाचून दाखवायला सुरुवात केली. ओसरीवर बसून ते निळं आंतरदेशीय पत्र उलगडत आणि मामी हातातलं काम थांबवून ऐकत. वसंताला तिकडे थंडी वाजत होती, त्याने स्वेटर घेतला, त्याच्या मेसमध्ये एक नागपूरचा स्वयंपाकी आला, तो वरणात फोडणी जास्त घालतो. मी दोन-तीनदा तिथे होतो. पत्र एकच होतं. नोव्हेंबरात आलेलं, सहा ओळींचं, कोपऱ्यावर पिवळा डाग पडलेलं. मामा माझ्याकडे पाहतही नसत.

पाच महिने असे गेले आणि वैशाख पौर्णिमा आली. छप्पन साली नागपूरला जाऊन आम्ही सगळे बौद्ध झालो, तेव्हापासून जपान, ब्रह्मदेश, सिलोन हे देश आम्हाला सोयऱ्यांचे वाटत. फक्त पत्ता माहीत नव्हता. त्या वर्षी मँगनीजच्या खाणीवर माल पाहायला एक जपानी इंजिनियर येऊन गेला होता. जाताना त्याने तिथल्या क्लबला एका सिनेमाचे चार डबे भेट दिले. भाषा जपानी, म्हणून क्लबने ते मामांच्या गळ्यात घातले. ही बातमी आमच्या जयंती समितीच्या अध्यक्षांना लागली. अध्यक्ष जंगल खात्यातून निवृत्त झालेले कारकून होते आणि नोकरीत कधीच न मिळालेली भाषणाची संधी आता वसूल करत होते. “बंधुभगिनींनो,” त्यांनी जाहीर केलं, “बुद्धांच्या देशातून आलेला, प्रत्यक्ष तथागतांच्या जीवनावरचा सिनेमा!” डबा कुणी उघडलेला नव्हता.

कार्यक्रम भर दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये ठेवला होता. खिडक्यांना सतरंज्या बांधल्या होत्या आणि आत दोनशे माणसं भाजत होती. अडचण एकच आली. डब्यांवर नंबर जपानी होते. एकावर एक आडवी रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. चौथ्यावर मात्र रेघा नव्हत्या, एक चौकट होती आणि तिच्या आत दोन वाकडे पाय. जुन्या माणसांसारखे मामा शून्याला पूज्य म्हणत. “हे पूज्य हाय,” त्यांनी निकाल दिला. “यांचं पूज्य चौकोनी राह्यते. म्हणजे हा पह्यला.”

मागे उभ्या असलेल्या अध्यक्षांनी ‘पूज्य’ एवढाच शब्द ऐकला आणि त्या डब्याला हार घातला.

दिवे मालवले. लोकांनी हात जोडले. सिनेमा हाताने काढलेल्या चित्रांचा निघाला. पडद्यावर ढग आले, खाली समुद्र, आणि ढगांतून विमानं. विमानांत विशीतली पोरं, डोळ्यांवर चष्मे, सगळ्यांचं नाक एकसारखं. मग गोळीबार सुरू झाला. एका विमानाने पेट घेतला आणि ते धुराची रेघ ओढत समुद्रात पडलं. लोकांचे हात जोडलेलेच होते, कारण सोडा असं कुणी सांगितलं नव्हतं.

“हे कलिंगाचं युद्ध असावं,” अध्यक्ष अंधारात म्हणाले.

मामांनी दुसरा डबा लावला. तोच पोरगा मित्रांबरोबर भात खात हसत होता.

“मामा, ये तो अभी मरा था ना?” मागून एक कॉलेजातला ओरडला.

“तो याचा जुळा भाऊ होता,” माइकवरून उत्तर आलं.

“आणि तो बाजूचा?”

“चुलतभाऊ.”

“मामा, ये भी सेम टू सेम है!”

“मावसभाऊ हाय तो. गप बस ना बे.”

अर्ध्या तासात अख्खं जपानी वायुदल एका घरचं झालं. कोण मेला, कोण जिवंत आहे, हे कुणालाच कळेना. मला तर मुळीच नाही, आणि मी समजून घ्यायचा प्रयत्न करणारा बहुधा एकटाच होतो. अध्यक्षांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “यात तथागत कोणते?” मी म्हटलं, अजून आले नसावेत.

शेवटच्या डब्यात एक म्हातारी आली. कुणी विचारण्याआधीच मामांनी सांगितलं, “ही याची माय.” तिने पोराच्या खिशात कापडात बांधलेला भात घातला. पोरगा विमानात चढला, धूळ उडाली, म्हातारीचा हात वर गेला. विमान लहान होत होत ठिपका झालं आणि पडदा पांढरा पडला. संपलेल्या फिल्मचं टोक मशीनवर फटफट वाजत राहिलं.

बायकांच्या बाजूने मामी उठून उभ्या राहिल्या. “अवं,” त्यांनी विचारलं, “हा आला का परत?”

मामांच्या हातात माइक होता. या प्रश्नाला त्यांच्याकडे दहा उत्तरं असायला हवी होती. भाऊ तर त्यांनी आठ वाटले होते. ते पांढऱ्या पडद्याकडे पाहत राहिले. भोंगा शिटीसारखा वाजला.

“मले...” ते म्हणाले. “मले माहीत नाही, वसंताचे माय.”

भोंगा शाळेच्या दारावर लावलेला होता, त्यामुळे ते रस्त्यावरच्या लोकांनीही ऐकलं.

मशीन घरी पोचवायला मी बरोबर गेलो. मामींनी घरात गेल्यागेल्या पत्र्याच्या पेटीतून ते निळं पत्र काढलं आणि मामांच्या पुढे धरलं.

“हा डाग पाहा. हळदीचा हाय. हे पत्र आलं त्याच दिवशी माह्याच हातानं लागलता.”

मामा खाली बसले. खिशातून तार काढून त्यांनी जमिनीवर ठेवली. तिच्या घड्या फाटायला आल्या होत्या. “सापडत नाही म्हणते सरकार,” ते म्हणाले. मग त्या डागाकडे पाहत, “तुले मालूम होतं, तं बोलली काहून नाहीस?”

“तुम्ही चांगलं वाचत होते,” मामी म्हणाल्या.

पुढे वाचनालयातल्या एका पुस्तकात मला कळलं की ती चौकट म्हणजे जपानी चार. आम्ही शेवट आधी पाहिला होता. मास्तराला राहवत नाही. मी जाऊन मामांना सांगितलं.

“म्हणजे तो समुद्रात पडला ते आखरीचं?”

“हो.”

“पण पडला तो हाच, कशावरून? सगळ्यांचं नाक एकच होतं.”



वसंताची दुसरी खबर कधी आली नाही. ओसरीवरचं वाचन मात्र बंद पडलं नाही. आता मामीच पत्र काढून देत आणि मामा वाचत: वसंताला तिकडे आंबे मिळाले, पण आपल्यासारखे गोड नाहीत, नागपूरचा स्वयंपाकी सुट्टीवर गेला. दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही मन लावून ऐकत. मामा वाचता वाचता थांबले की मामी म्हणत, “मंग?”

पाचेक वर्षांनी मामा गेले. दिवस झाल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा मामींनी पत्र माझ्या हातात दिलं. “वाच बाबू.”

मी वाचलं. मी खुशाल आहे. तुम्ही काळजी करू नये. इथे काम खूप आहे. पैसे पाठवले ते मिळाले का. बाबांना बिडी कमी करायला सांगणे. तुमचा वसंता. सहा ओळी, जशाच्या तशा, एकही शब्द इकडचा तिकडे न करता.

मामींनी वाट पाहिली. “मंग?”

“एवढंच आहे, मामी.”

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, डाग असलेला कोपरा आत करून घडी घातली आणि पेटीत ठेवलं.

“इतका शिकला रे तू,” त्या म्हणाल्या, “पण तुले वाचता नाही येत.”