तिसरं लेबल

चाकणच्या कारखान्यात मी टूलरूममधून सॉफ्टवेअरकडे आलो. हजारो नग एकाच मापाचे निघतील असे साचे बनवायची सवय, त्यामुळे कोडसुद्धा पहिल्या दिवसापासून पक्का बांधलेला लागायचा.

काम साधं होतं. माल पाठवताना खोक्यांवर लावायची लेबलं वेबपेजवरून छापायची. गिऱ्हाईक कंपनी एकच. मी मात्र पुढे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कोडचा वेगळा साचा, म्हणजे क्लास, आणि त्यातून लेबलं घडवणारा आणखी कोड, ज्याला 'फॅक्टरी' म्हणतात, असा आराखडा फळाभर काढला.

माझ्या हाताखालची इंजिनिअर मुलगी लातूरची. ती हसली. "सर, गिऱ्हाईक एक आणि फॅक्टऱ्या एवढ्या? चाकणात कमी आहेत होय?"

"अगं, उद्या दुसरं गिऱ्हाईक आलं तर?"

"आलं की बघू. त्याचं लेबल नेमकं कुठं वेगळं असेल, ते आत्ता कसं कळणार?"

माल अडला होता, म्हणून तिचं ऐकलं. तिनं लेबल छापणारा कोडचा एकच सरळ तुकडा, एक फंक्शन लिहिलं. दुसरी कंपनी आली, तेव्हा त्या मुलीनं त्याच फंक्शनमध्ये 'ही कंपनी असेल तर असं छाप' एवढी एक अट घातली. मी टोमणे मारत होतो. तिसऱ्या कंपनीला बारकोडपासून सगळंच निराळं हवं होतं, तेव्हा तीच म्हणाली, "आता दिसतंय काय बदलतं ते. आता स्ट्रॅटेजी पॅटर्न लावू." प्रत्येक कंपनीची छपाईची रीत तिनं वेगळी काढली, बाकी पानाला हातही लावला नाही. संध्याकाळी प्रिंटरमधून तिन्ही लेबलं बिनचूक बाहेर आली आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या!

पुढच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "ही रचना कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. ती समोरच बसली होती. बढती मला मिळाली. काही महिन्यांत ती नोकरी सोडून गेली.

मी निवृत्त झालो तरी ती रचना अजून चालते. परवा कंपनीनं नव्या मुलांना 'माझी' रचना समजावायला बोलावलं. मी तिला फोन केला. ती आता जवळच मारुंजीत राहते. सगळं सांगून म्हणालो, "तू ये. मी फक्त खरं काय ते सांगणार आणि खाली बसणार."

तिनं एवढंच विचारलं, "फळा आहे ना तिथं?"

आज सकाळी भरल्या हॉलमध्ये मी सांगितलं, ही रचना माझी नाही, हिची आहे. छाती इतकी हलकी कधी वाटली नव्हती. तिनं फळ्यावर एकच चौकोन काढला, पहिल्या कंपनीचा. मागून एकानं विचारलं, "मॅडम, आणखी कंपन्या आल्या तर?"

तिच्या आधी मीच खुर्चीतून ओरडलो, "आल्या की बघू!"