सहाचे आठ

उत्तर येत नसलं की आमचे आबामास्तर तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवत आणि उलगडा होईपर्यंत पुसू देत नसत. "अमुशाला चंद्र कुटं जातो?" हा प्रश्न तिथं महिनाभर होता. आबा मावळातल्या शेतकरी घरातले. पुस्तक उघडलं की शुद्ध बोलत, मिटलं की मावळी. इंदुरीजवळच्या त्या शाळेत ते मुख्याध्यापक होते आणि मी नवशिका साहाय्यक. मला त्या कोपऱ्याची लाज वाटे.

शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी गणित घातलं : सहा भागिले पाऊण. डोंगरावरच्या ठाकरवाडीतल्या काशीनं पाटीवर आठ लिहिले. साहेब "शाबास" म्हणाले, तशी ती म्हणाली, "पर गुर्जी, भागल्याव कमी व्हाया पायजे. सहाचं आट कसं झालं?"

"नियमच आहे तसा," मी घाईनं म्हणालो. आबांनी मात्र खडू उचलला आणि प्रश्न कोपऱ्यात लिहिला.

साहेब चढ्या आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं शिकवता, आणि हे ठाऊक नाही?"

"करता येतं साहेब. उलटं करून गुनायचं. पर का, ते समजल्यालं न्हाई."

साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं आणि ते पाटलांकडे जेवायला गेले. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

आबा जेवलेच नाहीत. त्यांनी डोक्यावरचा फेटा सोडला, सहा हात मोजून जमिनीवर अंथरला आणि पाऊण हाताची सुतळी काशीच्या हातात दिली. ती फेट्यावर सुतळी ठेवत मोजू लागली. आबा गुडघ्यांवर रांगत खुणा करत होते. तेवढ्यात साहेब दारात! मुख्याध्यापक बोडक्या डोक्यानं, जमिनीवर. मी डोळेच मिटले.

"आट येळा बसली!" काशी ओरडली.

"म्हंजी भागनं हे कमी करनं न्हवंच," आबा साहेबांकडे न बघता म्हणाले. "किती बसत्यात, ते मोजनं. तुकडा एकापरास ल्हान, तर जास्त बसनार!"

साहेबांनी वाकून फेट्यावरच्या खुणा मोजल्या. मग त्यांनी काशीला विचारलं, "आणि दीडने भागलं तर?"

"चार. दीड एकापरास मोटा, कमीच बसनार."

शेरेबुकात साहेबांनी गणिताला 'उत्तम' दिलं. खाली लिहिलं, 'मुख्याध्यापकांनी शाळेत डोक्यावर फेटा ठेवावा.'

संध्याकाळी मी आबांबरोबर त्यांच्या घरी गेलो. उंबऱ्यातूनच त्यांनी बायकोला सगळं सांगायला सुरुवात केली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अवं, निम्म्या मापानं मोजलं की दुप्पट मापं भरत्यात. ह्ये समद्या बायांना ठावं हाय. मला इचारायचं हुतं की!"

आबा ओसरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "उद्या शाळंत ये. पोरांना तूच सांग."

आणि ती आली, मापं पदराखाली घेऊन.