न सोललेलं केळं

पिकलेल्या केळ्यांचा वास आला, की मला बाळापूरच्या रझियाबी आठवतात. वीसेक वर्षांपूर्वी मी अकोल्याहून एचआयव्ही झालेल्यांच्या घरी जायची, गोळ्या वेळेवर घेतात का ते बघायची. सोबत खाल्ल्या-प्यायल्यानं हा आजार होत नाही, असं घरोघर सांगायची. पण रझियाबींनी विलायचीचा चहा पुढे केला, तेव्हा मी म्हणाले, "आज उपास आहे माझा."

"उपासाले चाय त चालते, ताई."

"माझा कडक असतो."

पुढच्या खेपेला त्यांनी न सोललेलं केळं ठेवलं. "घ्या, ताई. आतून माहा हात लागला नाई."

मी ते खाल्लं, आणि सुटल्यासारखं वाटलं. चहा मागायचं धैर्य आलं, तोवर त्या घराला कुलूप लागलं होतं.